प्रॅक्टिकल पिस्तूल : वेग वाढवायचा आणि नेमही राखायचा, तर सराव नेमका कशाचा करायचा?

अचूकवेध (धागाकर्ता)

हळू मारलं तर सगळ्या गोळ्या ए झोनमध्ये, म्हणजे टार्गेटच्या मधल्या सगळ्यात जास्त गुणांच्या भागात, बसतात, पण वेळेत मार खातो. जोर केला की बाहेरचे कमी गुणांचे सी, डी आणि मधूनच एखादा मिस. प्रॅक्टिकल पिस्तूल शूटिंग, म्हणजे नेम आणि वेळ दोन्ही मोजणारी नेमबाजी, थोडीफार केलेला प्रत्येक जण कधी ना कधी इथे येऊन अडकतो आणि मग विचारतो, आधी वेग वाढवू की आधी नेम सुधारू? यावर सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

माझं मत आधीच सांगतो. बहुतेकांचा वेळ गोळ्या झाडण्यात जात नाही, दोन गोळ्यांच्या मधे जातो. तिथला वेळ कापला तर नेमाला धक्काही लागत नाही. आणि वेगात नेम जातो तेव्हा कारण जवळजवळ नेहमी दोनांपैकी एक असतं: साइट्स (पिस्तुलावरच्या नेम धरायच्या खुणा) बघायच्या राहून गेल्या, किंवा ट्रिगर दाबताना अख्खी मूठच आवळली गेली. दोन्हींवर सरावाचा उपाय आहे.

पण आधी हिशेब, कारण हिशेब कळल्याशिवाय सराव कशाचा करायचा तेच ठरत नाही. आयपीएससीच्या (प्रॅक्टिकल शूटिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) पद्धतीत स्टेजवरचे, म्हणजे मॅचमधल्या एका फेरीतले, गुण भागिले लागलेले सेकंद म्हणजे हिट फॅक्टर. ए ला ५ गुण. मायनरमध्ये (कमी ताकदीची काडतुसं) सी चे ३ आणि डी चा १. मेजरमध्ये (जास्त ताकदीची) सी चे ४ आणि डी चे २. मिस झाला तर ते गुण गेलेच, वर १० वजा. नो-शूटला (ज्यावर गोळी मारायची नसते ते टार्गेट) गोळी लागली तरी १० वजा.

यातून फार कामाचा आकडा निघतो. ज्या स्टेजचा तुमचा हिट फॅक्टर १० च्या आसपास आहे, तिथे एका गुणाची किंमत ०.१ सेकंद. मायनरमध्ये ए च्या जागी सी लागला की २ गुण गेले, म्हणजे ०.२ सेकंदांचा तोटा. मिस म्हणजे ए चे ५ आणि दंडाचे १०, असे १५ गुण, म्हणजे दीड सेकंद. स्टेज अवघड असेल, टार्गेट लांब, पळापळ जास्त आणि हिट फॅक्टर ५ वर आला असेल, तर हे सगळे आकडे दुप्पट होतात: सी ला ०.४, मिसला तब्बल ३ सेकंद. म्हणून जवळच्या भराभर मारायच्या स्टेजवर एखाददुसरा सी खपून जातो, आणि लांबच्या टार्गेटवर ए साठी क्षणभर जास्त थांबणं सरळ फायद्याचं ठरतं. "सगळ्या स्टेजवर एकाच वेगाने मारा" हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही.

आता वेळ कुठे जातो ते बघू. एल प्रेसिडेंटे हे जेफ कूपर यांचं जुनं ड्रिल घ्या. १० यार्डांवर शेजारी शेजारी तीन टार्गेट, आपली पाठ त्यांच्याकडे, हात वर. बीप वाजली की वळायचं, पिस्तूल काढायचं, प्रत्येकावर दोन गोळ्या, रीलोड (मॅगझिन बदलणं), पुन्हा प्रत्येकावर दोन. १२ गोळ्या, ६० गुण. समजा एकाने सगळे ए मारून ६ सेकंद घेतले. त्याची फोड साधारण अशी निघू शकते: वळून पहिली गोळी सुटेपर्यंत १.६, एकाच टार्गेटवरच्या दोन गोळ्यांमधला वेळ, म्हणजे स्प्लिट, ०.२५ चे सहा मिळून १.५, टार्गेटवरून टार्गेटवर जायचे चार ट्रान्झिशन ०.३५ चे, मिळून १.४, आणि रीलोड १.५.

या माणसाने जिद्दीने स्प्लिट ०.२० वर आणले तर मिळाले ०.३ सेकंद. त्या नादात मायनरमध्ये फक्त दोन ए चे सी झाले तर ५६ भागिले ५.७, म्हणजे ९.८२. आधी होता १०. इतका जोर लावून खाली आला! त्याऐवजी स्प्लिट होते तसेच ठेवून रीलोड १.२ वर आणला, तर तेच ०.३ सेकंद वाचतात, गुण ६० चे ६० राहतात आणि हिट फॅक्टर होतो १०.५३. रीलोडचा सराव तर एकही गोळी न झाडता होतो. तरीही रेंजवर जाऊन बघा, दहातले आठ जण जवळच्या टार्गेटवर धडाधड गोळ्या मारत स्प्लिट मोजत बसलेले असतात.

ड्राय फायरबद्दल. ड्रॉ (होल्स्टरमधून पिस्तूल काढणं), रीलोड, ट्रान्झिशन, पोझिशनमध्ये, म्हणजे स्टेजवर जिथून मारायचं त्या जागेत, शिरणं, पोझिशन सोडणं, हे सगळं रिकाम्या पिस्तुलावर शिकायचं. टायमरला पार टाइम लावायचा: पहिल्या बीपवर सुरुवात, दुसऱ्या बीपच्या आत काम पूर्ण. आज आरामात जमतो तो वेळ लावून पाच-सहा वेळा स्वच्छ करायचं, मग ०.१ ने कमी करायचं, आणि जिथे मोडतंय तिथे नेमकं काय मोडलं ते बघायचं. ड्रॉचे तर तुकडे करून सराव करावा. बीपपासून हात पिस्तुलाच्या मुठीवर घट्ट बसेपर्यंत एक तुकडा. तिथून साइट्स डोळ्यांसमोर येऊन ट्रिगरवर दाब सुरू होईपर्यंत दुसरा. बहुतेकांची दुसऱ्या तुकड्यात घाई असते आणि पहिल्यात आळस. बीपनंतर हात होल्स्टरकडे निवांत जातो आणि मग पिस्तूल पुढे झटक्याने फेकलं जातं, त्यामुळे फ्रंट साइट थरथरत थांबते. ते उलटं व्हायला हवं: हात खाली विजेसारखा, आणि शेवटच्या वीतभर अंतरात पिस्तूल हलकेच स्थिरावायला हवं.

रेंजवर मात्र जे ड्राय फायरमध्ये होत नाही तेच करायचं. रिकॉइल (गोळी सुटल्यावर बसणारा धक्का), पकड, आणि गोळी सुटताना साइट कुठे होती हे दिसणं. माझ्या मते शिकण्याची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, बाकी सगळं तिच्यामागून येतं.

तुम्ही सराव कसा विभागता, कुठे अडलात, काय केल्यावर सुटलं, जरूर लिहा.

रोमातून_बाहेर

बरेच दिवस वाचनमात्र होते, या धाग्यासाठी लॉगिन केलं. हिट फॅक्टरचा हिशेब इतका सोपा करून कुणी सांगितला नव्हता. एक शंका: "गोळी सुटताना साइट कुठे होती हे दिसणं" म्हणजे नेमकं काय? मला तर बार झाला की काहीच दिसत नाही, पिस्तूल वर उडतं आणि मी थेट टार्गेटवर भोक शोधते.

अचूकवेध

@रोमातून_बाहेर, भोक शोधणं हीच सवय आधी सोडायची. याला शॉट कॉल करणं म्हणतात. स्ट्राइकर किंवा हॅमर पडतो, म्हणजे गोळी सुटते, त्या क्षणी फ्रंट साइट कुठे होती, याचं चित्र डोळ्यांनी टिपायचं. ते टिपलं की टार्गेटकडे न बघता सांगता येतं, "ही ए च्या डाव्या कडेला गेली." स्टेजवर भोक शोधायला वेळ नसतोच. ज्याला कॉल जमतो तो वाईट गोळीनंतर लगेच आणखी एक मारून पुढे सरकतो. ज्याला जमत नाही तो एकतर मिस घेऊन जातो, किंवा चांगल्या गोळीवरही उगाच जादा गोळी खर्च करतो.

सुरुवात अशी करा. टार्गेट न लावता, नुसत्या मातीच्या बंधाऱ्यावर सुरक्षित दिशेला गोळ्या मारा. नेम धरायचाच नाही. फक्त फ्रंट साइट उचलली जाते कशी, कुठून वर जाते, कुठे परत येते ते बघा. डोळे मिटत असतील तर तेही इथेच कळेल. मग टार्गेट लावा, गोळी मारा, पिस्तूल खाली घ्यायच्या आधी मोठ्याने सांगा ती कुठे लागली, आणि मग बघा.

दहामीटर

मी अनेक वर्षं दहा मीटर एअर पिस्तूल करतोय, आता प्रॅक्टिकलकडे वळलोय. आमच्याकडे ७५ मिनिटांत ६० शॉट, आणि दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. इथे ए झोन १५ सेंटीमीटर रुंद, त्यामुळे नेमाची काळजी नसेल असं वाटलं होतं. पण टायमर वाजला की हात जणू माझा नसतोच. शिवाय एक डोळा झाकायची सवय, आणि दोन हातांची पकड काही केल्या नैसर्गिक वाटत नाही. एअर पिस्तूलवाल्यांना काय मोडावं लागतं आणि काय टिकवता येतं?

निशाण_निळे

@दहामीटर, तुमच्याकडे ट्रिगर आहे, हे मोठं भांडवल आहे. साइट न हलवता ट्रिगर दाबता येणं, ते शिकण्यात इथल्या लोकांची पहिली काही वर्षं जातात. ते टिकवा. बदलायचं ते वाट बघणं. एअर पिस्तूलमध्ये चित्र पूर्ण स्थिर व्हायची वाट बघता, आणि नाही झालं तर हात खाली घेऊन पुन्हा वर येता. इथे ते स्वातंत्र्य नाही. सात मीटरवर साइट ए झोनच्या आत डुलत असली तरी ती गोळी ए च आहे. ते डुलणं मान्य करून दाबत राहायचं. पंचवीस मीटरवर मात्र तुमची जुनी सवय पुन्हा कामाला येईल.

डोळे दोन्ही उघडे ठेवा. पुढचं टार्गेट कडेच्या नजरेत येणं हेच ट्रान्झिशनचं मूळ आहे, एक डोळा झाकला की त्या बाजूच्या कडेचं दिसेनासं होतं. दुहेरी चित्र दिसत असेल तर नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोरच्या चष्म्याच्या काचेवर धूसर टेपचा छोटा तुकडा लावा. उजेड येतो, चित्र येत नाही. हळूहळू मेंदू त्या चित्राकडे दुर्लक्ष करायला शिकतो, मग टेप काढता येते. आणि डावा डोळा प्रबळ असून पिस्तूल उजव्या हातात असेल तर हात बदलायच्या फंदात पडू नका, पिस्तूल थोडं डावीकडे त्या डोळ्यासमोर आणलं की झालं. रायफलवाल्यांना ही सोय नसते.

पकडीचं सांगायचं तर जोर डाव्या हाताचा, चपळाई उजव्याची. डाव्या तळव्याचा मांसल भाग मुठीच्या मोकळ्या जागेत पूर्ण भरला पाहिजे, आणि डाव्या हाताची बोटं उजव्या बोटांना मुठीवर दाबून धरतात. उजव्या हाताने फार आवळलं तर तर्जनी जड होते आणि ट्रिगर परत पुढे सोडायलाच वेळ लागतो. चार-पाच गोळ्यांनंतर डावा हात सरकून पुन्हा पकड घ्यावी लागत असेल, तर तो हात मुठीवर नीट बसलेलाच नाही असं समजा.

जुना_खेळाडू

धागा चांगला आहे, पण माझा एक विरोध नोंदवतो. नवख्या माणसाच्या हातात टायमर देऊ नये. आधी २५ मीटरवर सावकाश ग्रुप मारायला शिका, तळहाताएवढ्या जागेत दहा गोळ्या बसू देत, मग वेगाची भाषा. मी ज्यांना ज्यांना शिकताना पाहिलं त्यांच्यात टिकले ते असेच शिकलेले. टायमर लवकर आलेली मुलं ट्रिगरवर थापडा मारायला शिकतात आणि ती खोड पुढे निघता निघत नाही.

अचूकवेध

@जुना_खेळाडू, तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य. ट्रिगर नीट दाबता येत नसेल तर वेगाचा सराव म्हणजे चूक घोटवून घेणं. पण दुसरा अर्धा भाग असा की सावकाश मारण्यातून वेग आपोआप उगवत नाही. निव्वळ हळू मारून माणूस हळू मारण्यातच तरबेज होतो. वेगात डोळ्यांना काय दिसतं, रिकॉइल कसा परत येतो, किती कमी चित्रावर गोळी सोडता येते, हे वेगात मारल्याशिवाय कळत नाही.

म्हणून मी एकाच दिवशी दोन्ही करतो, पण मिसळत नाही. आधी ग्रुप, वेळ न लावता. मग वेगाचा भाग, जिथे मुद्दाम आपल्या पातळीच्या थोडं पुढे जायचं आणि सी-डी लागले तरी घाबरायचं नाही, फक्त काय दिसलं ते लक्षात ठेवायचं. आणि शेवटी मॅचसारखं: एकदाच संधी, हिट फॅक्टर लिहून ठेवायचा. मधल्या भागातला बेफाम वेग शेवटच्या भागात घुसू द्यायचा नाही, ही शिस्त हवी. ती नसेल तर तुमचा सल्लाच बरा.

जुना_खेळाडू

हे असं वेगळं ठेवत असाल तर माझी हरकत नाही. बहुतेक जण मधला भागच करतात, बाकीचे दोन विसरतात. तिथे माझा विरोध आहे.

सुरक्षा_आधी

मी मॅचमध्ये रेंज ऑफिसर (स्टेजवर सुरक्षेवर लक्ष ठेवणारा अधिकारी) म्हणून उभा असतो, त्यामुळे माझा मुद्दा वेगळा. वेग वाढवताना ज्या गोष्टी मोडतात त्यांतली सगळ्यात महागडी सी किंवा मिस नव्हे, डिसक्वालिफिकेशन आहे. नळी समोरच्या बंधाऱ्याच्या सरळ दिशेपासून ९० अंशांच्या बाहेर गेली, पिस्तूल हातातून पडलं, चालताना किंवा रीलोड करताना बोट ट्रिगर गार्डच्या आत दिसलं, गोळी स्वतःपासून तीन मीटरच्या आत जमिनीत गेली (तेवढ्या जवळचं कागदी टार्गेट मारत नसाल तर), तर पूर्ण मॅच तिथेच संपली.

उजव्या हाताच्या शूटरने उजवीकडून डावीकडे धावत रीलोड करणं ही सगळ्यात धोक्याची जागा. शरीर डावीकडे वळलेलं, मॅगझिन घालण्यासाठी मनगट तिरकं केलेलं, आणि नळी बघता बघता मागे वळते. याचा सराव ड्राय फायरमध्ये मुद्दाम करा: पाय डावीकडे धावताहेत, पण नळी बंधाऱ्याला चिकटलेली. गरज पडली तर पावलं उलटी टाका, रीलोड पहिल्या पावलातच उरकून घ्या. आणि पाय हलला की बोट बाहेर, हे इतकं घोटा की विचार करावा लागू नये.

ड्राय फायरचे नियमही सांगून ठेवतो. खोलीत एकही जिवंत काडतूस नको, मॅगझिनमध्येही नको, खिशातही नको. चेंबर (नळीच्या मागची काडतुसाची जागा) डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. टार्गेटच्या मागे खरी गोळी अडवेल असं काहीतरी हवं. आणि सराव संपला की तोंडाने म्हणा "संपलं", टार्गेट उतरवा, मग "अजून एकदाच" नाही. पिस्तूल पुन्हा भरून ठेवल्यानंतरचं ते एकदाच फार घातक असतं. मॅचच्या ठिकाणी तर सेफ्टी एरियाबाहेर (पिस्तूल हाताळायची ठरवून दिलेली जागा) रेंज ऑफिसरने सांगितल्याशिवाय पिस्तुलाला हातच लावायचा नाही, आणि सेफ्टी एरियात काडतुसाला हात लावायचा नाही, न उडणाऱ्या डमीलासुद्धा.

अचूकवेध

@सुरक्षा_आधी, हा प्रतिसाद मूळ लेखातच असायला हवा असा आहे. ड्राय फायर सुरू करणाऱ्या प्रत्येकाने तो आधी वाचावा.

खालीडावीकडे

माझं नावच माझी व्यथा सांगतं. उजव्या हाताने मारतो आणि वेग वाढला की गोळ्या खाली डावीकडे. सावकाश मारलं की अगदी मधोमध. साइट बदलून बघाव्यात का?

निशाण_निळे

साइटला हात लावू नका. सावकाश मधोमध लागतात म्हणजे साइट बरोबर आहेत.

यात दोन वेगळी दुखणी असतात. एक, तर्जनीबरोबर बाकीची तीन बोटंही आवळली जातात आणि नळी खाली डावीकडे झुकते. दोन, बार होणार म्हणून शरीर आधीच पिस्तुलाला पुढे ढकलतं. कोणतं आहे ते ओळखायला मित्राला सांगा, मॅगझिनमध्ये मधेमधे डमी काडतूस भरून दे, कितव्या जागी ते सांगू नकोस. डमी आली की क्लिक वाजते आणि फ्रंट साइट काय करते ते लख्ख दिसतं. सरळ खाली डुबकी मारली तर रिकॉइलची धास्ती. तिरकी, खाली डावीकडे वळली तर मुठीचं आवळणं.

मात्र एक बारकावा लक्षात ठेवा. वेगाने दोन गोळ्या मारताना पहिल्या गोळीनंतर पिस्तूल खाली दाबून आणणं हा दोष नाही, चांगले शूटर ते करतातच. तुमच्याकडे स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे न थांबता पिस्तूल रिकामं झालं आणि क्लिकवर नळी किंचित खाली गेली, तर लगेच घाबरू नका. तो दाब गोळी सुटल्यानंतर येतोय की आधी, एवढाच प्रश्न आहे. आधी येत असेल तरच उपाय हवा.

उपाय म्हणाल तर डावा हात आणखी घट्ट, उजवा आणखी सैल. मग सात मीटरवर पार टाइम लावून एकच गोळी: साइट टार्गेटवर, बोट ट्रिगरच्या बाहेर, बीप वाजताच एका झटक्यात ट्रिगर पूर्ण मागे, पण साइट न हलवता. हळू दाबून नाही, झटक्यातच. वेगात ट्रिगर दाबूनही पिस्तूल स्थिर राहू शकतं, हे हाताला पटायला हवं.

खालीडावीकडे

डमीचा प्रयोग येत्या रविवारी करतो. झटक्यात दाबायचं असं पहिल्यांदाच कुणी सांगितलं, आजवर सगळे "हळुवार दाब" एवढंच म्हणत आले.

लालठिपका

रेड डॉटवाल्यांसाठी, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट (ऑप्टिक) वापरणाऱ्यांसाठी थोडं. ऑप्टिक लावलं की नेम आपोआप सुधारेल या समजात राहू नये. डॉट शोधण्यात वेळ जातो, तो वाचला तरच फायदा. ड्रॉनंतर डॉट ऑप्टिकच्या काचेत नसेल तर पिस्तूल वर-खाली हलवत शोधू नका. ड्रॉमध्येच चूक आहे, ती ड्राय फायरमध्ये दुरुस्त करा. भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघा, डोळे मिटा, ड्रॉ करा, डोळे उघडा. डॉट जिथे येईल तिथून मनगट आणि खांदे जुळवत जा.

दुसरं, नजर टार्गेटवरच हवी, डॉटवर नव्हे. डॉटकडे बघितलं की ते नाचताना दिसतं आणि माणूस थबकतो. ऑप्टिकच्या पुढच्या काचेवर टेप लावून सराव करा. दोन्ही डोळे उघडे असतील तर एका डोळ्याला टार्गेट, दुसऱ्याला डॉट दिसतं आणि मेंदू दोन्ही जुळवतो. डॉटकडे टक लावलीत तर टार्गेट नाहीसंच होतं, म्हणून चूक लपत नाही.

चपळ_पाय

अचूकवेध यांनी "दोन गोळ्यांच्या मधला वेळ" म्हटलं, पण लांब स्टेजवर त्याचा सगळ्यात मोठा हिस्सा पायांचा असतो, त्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आयपीएससीत लाँग स्टेजला जास्तीत जास्त ३२ गोळ्या. म्हणजे फार तर सोळा स्प्लिट, ०.२५ ने धरले तर फक्त ४ सेकंद. उरलेली सगळी सेकंदं ट्रान्झिशन, धावणं, थांबणं आणि रीलोड.

धावण्याचा वेग वाढवण्यापेक्षा दोन टोकं सुधारा. शिरताना: टार्गेट दिसायच्या आधीच पिस्तूल डोळ्यांसमोर आलेलं असावं, गुडघे वाकलेले, शेवटची दोन पावलं छोटी. पाय पूर्ण थांबायच्या आधी पहिली गोळी गेली पाहिजे, सोपं टार्गेट असेल तर नक्कीच. म्हणून पोझिशनमधलं सोपं टार्गेट आधी घ्या आणि अवघड मधे, जेव्हा शरीर स्थिर झालेलं असतं. निघताना: शेवटची गोळी सोपी ठेवा आणि ती सुटत असतानाच वजन पुढच्या पायावर गेलेलं असू द्या. बहुतेक जण शेवटची गोळी मारतात, पिस्तूल खाली घेतात, बघतात, मग निघतात. प्रत्येक पोझिशनला अर्धा सेकंद तिथे सांडतो, आणि चार पोझिशन असल्या तर दोन सेकंद झाले.

याचा सराव दोन खुणा आणि दोन टार्गेट एवढ्यावर होतो. टायमरवर एका पोझिशनची शेवटची गोळी आणि पुढच्या पोझिशनची पहिली गोळी यांतला वेळ बघायचा. तो एकच आकडा महिनाभर खाली आणा.

रोमातून_बाहेर

शॉट कॉलचा प्रयोग करून आले. बंधाऱ्यावर मारताना पहिल्यांदा फ्रंट साइट वर जाऊन परत येताना दिसली! टार्गेट लावलं की मात्र नजर पुन्हा भोकाकडे पळते. आणखी एक विचारायचं होतं, काडतुसं मोजकीच मिळतात. एका वेळी पन्नासच असतील तर काय करावं?

अचूकवेध

साइट दिसली ना, मग अर्धं काम झालं. टार्गेटची भोकं आधीच चिकटपट्टीने भरून गेलेली असतील असं जुनं, ठिगळांचं टार्गेट लावा. नवं भोक ओळखूच येत नाही, त्यामुळे नजर तिकडे जाऊन उपयोग नसतो.

पन्नास गोळ्यांत मी असं करेन. पहिल्या दहा २० ते २५ मीटरवर, सावकाश, प्रत्येक गोळी कॉल करून. मग वीस गोळ्या दोन-दोनच्या जोड्यांनी, पिस्तूल आधीच समोर धरून, काही ७ आणि काही १५ मीटरवर. ७ वर बीपनंतर लगेच दोन, १५ वर दुसरी गोळी साइट परत आल्याचं दिसल्यावरच. अंतर बदललं की ताल बदलला पाहिजे. जवळचा ताल लांबच्या टार्गेटवर घेऊन जाणं हे मिसचं सगळ्यात मोठं कारण आहे. पुढच्या बारा दोन बिल ड्रिलला: ७ यार्ड, ड्रॉ करून सहा गोळ्या, सहाही ए. चांगले शूटर ते २ सेकंदांच्या आसपास करतात, तुम्ही आधी सहा ए बघा. त्यात पकड कितव्या गोळीला सुटते ते कळतं, त्यासाठीच ते ड्रिल आहे. उरलेल्या आठ गोळ्या शेवटी, थंड डोक्याने, छोट्याशा स्टेजसारख्या, गुण आणि वेळ वहीत लिहून.

ड्रॉ आणि रीलोडवर त्या पन्नासातली एकही गोळी वेगळी खर्च करू नका. ती कामं ड्राय फायरची.

दहामीटर

दोन्ही डोळे उघडे ठेवून आणि टेप लावून मारलं. सात मीटरवर डुलणाऱ्या साइटवर ट्रिगर दाबायला मन धजत नव्हतं, पण दाबला तर खरंच ए. आता अडतंय ते ट्रान्झिशनला. पिस्तूल दुसऱ्या टार्गेटच्या पुढे जातं आणि मागे आणावं लागतं.

चपळ_पाय

पिस्तूल आणि डोळे एकत्र फिरताहेत म्हणून ते पुढे जातं. गोळी सुटली की आधी फक्त डोळे उडी मारून पुढच्या टार्गेटवर. आणि पूर्ण टार्गेटवर नाही, ए झोनमधल्या एका बारीक जागेवर. तिथे एखादं ठिगळ असेल तर त्या ठिगळाच्या कडेवर. पिस्तूल डोळ्यांच्या मागून येतं आणि डोळे जिथे थांबलेत तिथेच थांबतं. खांद्यांत ताण असेल तरी ते पुढे जातं, तेव्हा हातांनी ढकलू नका, कंबर आणि गुडघ्यांतून वळा. ड्राय फायरमध्ये तीन ठिपके लावून नुसतं डोळे-मग-पिस्तूल, डोळे-मग-पिस्तूल असं ट्रिगर न दाबता करा, मग दाबून.

दहामीटर

ठिपके आज रात्रीच लावतो. तीन एकाच उंचीवर लावू की वर-खाली?

चपळ_पाय

आधी एका उंचीवर. आठवड्याने मधला वीतभर खाली घ्या, आणि एक ठिपका इतरांच्या निम्म्या आकाराचा करा, म्हणजे तिथे साइट जास्त वेळ बघावी लागेल.